कपड्यांसकट

परीक्षेला अंगभर कपडे घालून पाठवा,
असं सांगितलं की नवे पालक हसतात.
पँट, लांब बाह्यांचा सदरा, पायात बूट.
पाणी काय तुम्हाला कपडे बदलायला
सवड देणार आहे?
ते बोलावतं तेव्हा तुम्ही शाळेतून निघालेले असता,
सायकलवर, पाठीला दप्तर, तोंडात सफरचंद.

आमचं गाव फ्रिसलंडच्या सपाटीवर.
इथे कुंपण घालत नाहीत, चर खणतात.
दोन शेतांमध्ये चर, शाळेमागे चर,
चर्चच्या आवाराला तिन्ही बाजूंनी चर.
मे महिन्यात त्यावर टिकलीएवढ्या पानांची साय धरते,
इतकी सपाट, इतकी हिरवीगार
की गाईसुद्धा फसतात.

गाय हंबरते.
मूल बुडताना आवाज करत नाही.
हे मला या नोकरीच्या आधीपासून माहीत होतं;
कसं, ते इथे लिहीत नाही.

तलावाच्या मध्यावर, पाण्याखाली, ताणलेली ताडपत्री.
तिला एक भोक.
उडी मार, खाली जा, भोक शोध, पलीकडे नीघ.
त्या शनिवारी अकरा मुलं होती.
दाउवेचा एक बूट तळाशीच राहिला.
विट्स्के वर आली ती शिंकतच,
आणि शिंकता शिंकता पास झाली.

मग हिल्के. वय आठ.
मी काठावर, गुडघ्यांवर वाकलेली.
दिवे लख्ख, पाणी नितळ,
मला त्याचा चेहरा दिसला: मुठीसारखा आवळलेला.
डोळे घट्ट बंद.
हात आधी ताडपत्रीवर आपटला, चाचपडला,
मग नशिबानं भोकात शिरला,
हातामागून डोकं, डोक्यामागून फुगलेला सदरा,
आणि तो पलीकडे निघाला,
टाळ्यांमध्ये.

दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.
वर गॅलरीत त्याच्या आजोबांनी
मांडीवरच्या केकच्या खोक्याची फीत सोडायला घेतली.

एका सहीचा प्रश्न होता.
खरं सांगते, पेन उघडलं होतं.
आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात.
राखत असेल.
आमच्याकडे चरात पडलेल्या गाईला
ट्रॅक्टर लागतो, आणि दोर.

"हिल्के," मी म्हटलं, "डोळे."
एवढंच. त्याला कळलं.
बुटांतून पाणी गळत उभा राहिला,
एकदाही "नाही" म्हणाला नाही.
म्हातारा म्हणाला. जिना उतरून आला, टोपी हातात घेऊन,
हळू, फ्रिसियनमध्ये,
जी आम्ही रागावलो की फार नीट बोलतो:
"पोरगा पलीकडे गेला की नाही?"
"गेला," मी म्हटलं.
खोकं तसंच परत गेलं.
आठवडाभर तो मला दुकानात दिसला की
मी चीजच्या फळीकडे वळत होते.

पुढचा शनिवार. बाहेर गारा.
तोच सदरा, बुटांना या वेळी दुहेरी गाठ.
उडीआधी तो माझ्याकडे बघत नाही.
मी मोजते. चार. पाच. सहा.
सातपाशी माणसाला काय काय आठवतं.
आठ.
तो वर येतो, नाकातून पाणी, डोळे लालबुंद,
माझ्यावर अजून रागावलेला,
काठ धरतो, नीट श्वासही न घेता
आधी सांगतो:
"बाई, त्या भोकाला पिवळी कड शिवलीय."

शिवलीय खरी.
बावीस वर्षांपूर्वी, थंडीत, मीच शिवली होती,
जाड सुईनं, दोन संध्याकाळी बसून.
आजवर कुणी तिचं नाव काढलं नव्हतं.

तो खोकत राहतो.
माझ्या ओल्या बोटांना
पेनाचं टोपण उघडत नाही.