खिडकी

डिसेंबरात दगडावरचं पाणी असं चावतं
की सासरे म्हणायचे, बसताना बोटं मोजून बसावं,
उठताना पुन्हा मोजावीत.
आता ते नाहीत. त्यांचा बुटका चौरंग माझ्याखाली,
एका अंगाला झिजलेला, त्यांच्या बसण्यासारखा.

वाकेहून बसने आली मुराकोशी त्सुनेयो, वय एक्याऐंशी.
मांडीवर ओबीच्या जुन्या कापडात लांबट काही,
झोपलेलं मूल धरावं तसं नव्हे,
उसनं आणलेलं मुसळ परत करायला निघावं तसं.

मूठ उतरवली. बांबूची खुंटी एका ठोक्यात निघाली.
आतल्या दांड्यावर गंज, जुन्या चिंचेसारखा दाट, काळा.
तो कधी पुसायचा नसतो,
तेवढाच काय तो जन्मदाखला.
कुणा ठेंगण्या मालकासाठी कधीकाळी
पातं खालून कापलेलं,
त्यात घडवणाऱ्याचं नाव गेलं,
वरचं 'ओसाफुने' तेवढं राहिलं.
गाव शिल्लक, माणूस नाही.

खरी आहे का, हा प्रश्न येईल म्हणून मी थांबले.
तिनं तो विचारलाच नाही.
म्हणाली, शरणागतीच्या वर्षी बाबांनी ही
छपराच्या गवतात खुपसली.
शाळेच्या पटांगणात गावच्या तलवारींचा ढीग लागला,
आमच्या घरून फक्त भाताचा विळा गेला.
त्याच हिवाळ्यात एकजण हिच्या बदल्यात
तीन पोती तांदूळ द्यायला तयार होता.
बाबा नाही म्हणाले.
फेब्रुवारीत धाकटी गेली. मिएनो. चार वर्षांची.
"काय वाचवलं होतं, तेवढं मला बघायचंय."

मी पातं उजेडाकडे तिरपं धरलं.
दर उजाळ्याला पोलाद थोडं जातंच.
हिच्या अंगावर एके ठिकाणी आतलं मऊ लोखंड
आधीच दिसू लागलेलं,
विरलेल्या बाहीतून कोपर दिसावं तसं.
आणखी एक पुरता उजाळा हिला सोसणार नाही.
म्हटलं, फक्त खिडकी उघडते. दोन बोटं रुंद.

चार दिवस.
शेवटी नखाएवढी दगडाची कपची, कागदावर डकवलेली,
अंगठ्याखाली, इतकी पातळ
की दाबतोय ते दगडाला की आपल्याच कातडीला, कळत नाही.
मग पाणी दिसलं. बादलीतलं नव्हे, पात्यातलं.
लवंगेच्या कळ्या, एकीला एक खेटून,
आणि त्यांच्या वर पोलादातच अडकलेलं धुकं,
जे पुढच्या लोहारांना क्वचितच साधलं.

त्सुनेयोनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"छान आहे," म्हणाली.
ते छान असणं तिला आवडलं नाही.
"ही खिडकी बंद करता येते का?"
येत नाही. तेल लावता येतं.
मी लावलं. कापडाची गाठ तिनं स्वतः मारली,
दोनदा.

रात्री मिझुशिमाच्या कारखान्यातून नवरा आला.
झालं का, म्हणाला.
झालं. दोन बोटं.
बूट काढता काढता हसला. त्यांच्याकडे आज
अकरा हजार टन.

गढूळ पाणी मी प्लमच्या बुंध्याशी ओतलं,
सासरे तिथंच ओतायचे.
भात वाढायला घेतला तेव्हा
नखाखालची काळी रेघ दिसली.
घासली. निघाली नाही.
त्याच्या वाडग्यात, कसा कोण जाणे,
भात जास्तच वाढला गेला.