एकोणसाठ किलो

बोल्ट सुटत नाही.
अठरा हिवाळे बालाच्या रस्त्यांवरचं मीठ खाल्लंय त्यानं
आणि खाल्ल्या मिठाला जागतोय.
तेल पाजलं, ज्योत दाखवली,
शेवटी पान्याला हातभर पाइप जोडून
अख्खी लटकले,
तेव्हा एकदाच किंचाळला
आणि कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

जुना शॉक हातात धरून दाबला.
आत गेला तो गेलाच, वर यायचं नाव नाही.
तेल कधीच गळून गेलेलं.
म्हणजे इतकी वर्षं ही पिवळी गाडी
नुसत्या स्प्रिंगांवर उड्या मारत होती
आणि इथेल प्रदेर्ख म्हणत होते,
वेल्समधले रस्ते बिघडलेत हल्ली.

वय एकाहत्तर. स्लेटच्या खाणीत जन्म गेला.
गाडीला सीट दोनच, बूड जमिनीला टेकलेलं;
उतरताना आधी काठी बाहेर येते,
मग एक पाय, मग एक शिवी,
मग उरलेले इथेल.

नवे शॉक निळे. बुडाशी गोल बटण,
एकेका क्लिकनं घट्ट होणारं, सैल होणारं.
विचारलं, रेसच्या ट्रॅकवर नेणार?
छे, म्हणाले. बारमथपर्यंत. समुद्र बघायचा, परत यायचं.

रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नये,
हे वडिलांनी शिकवलं मला.
चाकं जमिनीला लागू द्यावीत,
बसणाऱ्याचं वजन सीटवर ठेवावं,
गाडीला तिच्या ओझ्याखाली नीट बसू द्यावं,
शेवटचा पीळ मग.
नाहीतर रबर जन्मभर मुरगळलेलं राहतं.

मेंढ्यांच्या खाद्याची पोती ओढत आणली.
तुमचं वजन?
अठ्ठ्याहत्तर.
तीन पोती, वर खिळ्यांचा डबा.
पाना उचलला, तर म्हणाले, थांब हेलेद.
दुसऱ्या सीटवरही ठेव.
किती?
खिडकीबाहेर बघत राहिले.
एकोणसाठ. साठ लिहू नकोस, तिला चालणार नाही.

गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
नेस्ता या गाडीत बसत नाहीत.
एकदा बसल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी.
दगडी पुलाच्या उंचवट्यावर कंबरेत काहीतरी कट् वाजलं.
उतरल्या, आणि चार मैल चालत घरी गेल्या,
मागून हळूहळू येणाऱ्या पिवळ्या दिव्यांकडे
एकदाही वळून न बघता.

दोन पोती ठेवली.
उरलेले नऊ किलो काट्यावर मोजून बादलीत घेतले.
थोडे दाणे सांडले सीटवर.
इथेलनी वाकून बादलीला पट्टा लावला.
मी काही बोलले नाही.
चारही बोल्ट आवळले.

मग बटणं. आधी पूर्ण घट्ट,
आणि तिथून मागे यायचं, मोजत:
ईन, दाय, त्री...
मी बाराला थांबले. ते म्हणाले, चौदा.
चौदाला गाडी मऊ पडेल, वळणावर झुकेल.
झुकू दे.

पुलावर नेऊन आणली मी स्वतः.
उचलली गेली, खाली आली,
एकदाच आली.
दुसरी उसळी नाही, तिसरी नाही.
बादलीतला दाणाही हलला नसेल.

मंगळवारी परत दारात. काच खाली.
डावीकडचे दोन्ही अजून एक क्लिक सैल कर.
म्हटलं, डावं-उजवं सारखंच ठेवायचं असतं,
नाहीतर गाडी वळणावर खोटं बोलते.
माहीत आहे, म्हणाले.

डाव्या सीटवरचे दाणे
कुणीतरी झाडून काढले होते,
अगदी शिवणीतलेसुद्धा.

मी पाठीवर आडवी होऊन खाली सरकले.
पुढचं चाक, एक.
मागचं, एक.
वहीत मात्र दोन्ही बाजूंना
चौदाच लिहिले.