वारा नसलेल्या दिवशी

एप्रिल. टेनेसीतलं तळं.
पहाटेचं धुकं आठच्या आत उडालं,
आता वर ढग नाही, खाली सुरकुती नाही.
हार्लन असता तर म्हणाला असता,
"व्हर्ना, घरी चल. आज बास आपल्याआधी आपल्याला बघणार."

तो वाऱ्याचा माणूस. गढूळ पाण्याचा.
त्याचा डबा उघडला की खुळखुळाट होतो:
पोटात छर्रे भरलेले लाकडी मासे,
पितळेची फिरती पाती, पिवळ्याजर्द झालरी,
केशरी पोटं, बाहुलीसारखे रंगवलेले डोळे.
लग्नालाही तो असाच आला होता,
लाल टाय, करकरणारे बूट,
आणि चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत गेलेलं "हो".

हे आज चालायचं नाही.
उन्हात पितळ चमकलं
की वीस हातांवरचा मासा पाठ फिरवतो.
मला हे कोणी शिकवलं नाही.
छत्तीस वर्षं नावेच्या मागच्या टोकाला
मांडीवर सँडविचं सांभाळत मी बघत होते
तो कुठे चुकतो ते.
सांगत नव्हते. कधीकधी सांगत होते.

काल पिकेटच्या दुकानात
गल्ल्यावर त्याचा धाकटा होता.
"काय देऊ, मिसेस टिडवेल?"
"मेलेल्या पानाचा रंग दे."
त्याने तीन पाकिटं काढली. मी चौथं मागितलं:
चार इंची मऊ गांडूळ, कच्च्या भोपळ्याच्या सालीसारखं हिरवट,
आत मिरपुडीएवढे काळे ठिपके.
शिसं नको. दोरा सहा पौंडांचा,
उन्हात धरला तर मलाच दिसू नये असा.
सुई ओवायला मला चष्मा लागतो, गाठीला लागत नाही,
गाठ बोटंच बांधतात.
थुंकी लावायची आणि ओढायची.

मोटर लांबच बंद केली. वल्ह्याने आले.
काठाला डॉगवुड पांढरा झालाय.
सूर्य समोर घेतला, म्हणजे सावली मागे पडते,
आणि हार्लनचा काळा चष्मा नाकावरून घसरत राहतो.

तिथे. बुडालेल्या बुंध्याशी, दोन हात पाण्यात,
ताटाएवढी जागा कुणी झाडून ठेवलीय.
शेपटीने. गाळ बाजूला, खडे लख्ख.
वर तो उभा, नर,
पापणी नसलेल्या डोळ्यांत तेल घालून.
मादी केव्हाच खोल पाण्यात गेली.

मी पलीकडे टाकते.
गांडूळ आपल्याच वजनाने उतरतं,
पान उतरतं तसं, मध्येच विचार बदलत.
मी काही करत नाही.
अशा उन्हात एवढंच करायचं असतं,
आणि हार्लनला नेमकं ते जमत नसे.
इस्पितळातसुद्धा खाटेच्या दांडीवर
बोटं वाजवत होता,
नर्स येऊन हात धरेपर्यंत.

गांडूळ खड्यांवर टेकलं.
तो वळला. भुकेलेला मासा असा वळत नाही.
तोंडात हलकेच उचललं त्याने,
सोफ्याखालचा मोजा मी उचलायचे तसं,
अंगणाच्या कडेपर्यंत नेलं
आणि थुंकला.

दोरा माझ्या बोटाला एकदा लागून सैल झाला.
तेवढ्यात झटका द्यायचा असतो.
पिकेटचा पोरगा म्हणेल, हातचा गेला की हो.
गेला.

तो परत जागेवर आला, पर हलवत,
उठलेला गाळ बसू दिला.

मी नाव मागे घेतली, बरीच मागे,
जिथे तळ दिसत नाही.
डब्यातला सगळ्यात मोठा खुळखुळा काढला,
केशरी पोटाचा, दात लागून रंग उडालेला.
पकडीने त्याचे तिन्ही गळ उपटले.
फेकला.
आणि ओढत आणला, केवढा तो आवाज,
काठावरचा बगळा शिव्या देत उठला,
सगळं आरशासारखं पाणी मोडलं.

पुन्हा फेकला.