अळंबी

राडिम फुंकणी फिरवतो, मी साचा धरतो.
अकरा वर्षं. रात्रपाळी.
काचेच्या भट्टीसमोर उभं राहून
आम्ही एकमेकांचं सगळं ओळखतो :
त्याची मोडलेली दोन लग्नं,
माझा गुडघा,
त्याच्या मुलीनं प्रागहून न केलेले फोन.

फक्त रविवार नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं होतं,
रविवारी तळ्यावर मासे धरायला येतोस का?
म्हटलं, नाही जमायचं,
अळंबी गोळा करायला जातो रानात.
आमच्या देशात हे कारण खपतं.
इथं प्रत्येकाचं एक रान असतं
आणि अळंबीची जागा
कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

तर मी टोपली घेऊन निघायचो.
खरंच, टोपली.
चर्चच्या मागच्या दारात ठेवायचो ती,
छत्र्यांच्या शेजारी,
आणि आत आम्ही नऊजण,
थंडी कडाक्याची असली तर पाच,
आणि फादर, जे तीन गावं सांभाळतात
आणि तिन्हीकडं उशिरा पोचतात.

पाव खाण्याआधी क्रूसाची खूण करायचो ती अशी
की बघणाऱ्याला वाटावं
शर्टावरचे कण झटकतोय.

कुणाला भीत होतो? राडिमला?
तो फार तर हसला असता.
भीती माझी नव्हतीच,
बाबांच्या कोटासारखी अंगावर आली होती.
बाबा भूगोल शिकवायचे.
एका नाताळला कुणीतरी त्यांना चर्चच्या पायरीवर पाहिलं
आणि जानेवारीपासून ते
कोळशाची गाडी ढकलू लागले.
नंतर आमच्या घरी प्रार्थना व्हायची
पडदे ओढून, नळ सोडून,
पाण्याच्या आवाजाखाली.

ते सरकार गेलं. पुतळे गेले.
नळ कुणी बंद केला नाही.

परवा पहाटे तीनच्या सुमारास
राडिमनं फुंकणी खाली ठेवली.
पोरीचा फोन आला होता, म्हणाला.
बाळ झालंय. सातव्या महिन्यातच.
पेटीत ठेवलंय. तळहातावर मावेल एवढं.
आणि आपला तळहात बघत राहिला,
भाजून भाजून निबर झालेला.

मग माझ्याकडं न बघता :
ओता, तू रविवारी जिथं जातोस,
तिथं असल्या गोष्टींसाठी काही म्हणता का तुम्ही?

मी म्हटलं, रानात?

तो म्हणाला, अकरा वर्षं अळंबी.
जानेवारीतसुद्धा. गुडघाभर बर्फात.
आणि कधी एक आणून दिली नाहीस मला.

वाटलं, आता कुठंतरी कोंबडा आरवणार.
भट्टी तेवढी घोंघावत होती.

मी तोंड उघडलं.
काय बोललो ते नीट आठवत नाही,
चांगलं नक्कीच नव्हतं.
मध्येच बाबांचं, मध्येच नळाचं,
येशूचं नाव घेताना घसा बसला.
म्हटलं, बाळ वाचेलच असं मी सांगू शकत नाही.
पण ज्यानं स्वतःचा मुलगा मरताना पाहिलाय
त्याच्यापुढं शब्द शोधत बसावं लागत नाही.

हे वाक्य कुठून आलं, देव जाणे.
म्हणजे, खरंच, तोच जाणे.

विचारलं, नाव काय बाळाचं?
अजून ठेवलं नाही.
मग बिननावाच्या बाळासाठी मी प्रार्थना केली,
मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा
नळाशिवाय.
राडिमनं टोपी काढली.
घाम पुसायलाही काढली असेल.

मग फुंकणी उचलली त्यानं,
टोकाला लाल गोळा,
आणि आत श्वास सोडला, इतका हलके,
जणू पलीकडं कुणी झोपलंय.

रविवारी टोपली घरीच ठेवली.
राडिम आला नाही.
सोमवारी म्हणाला, बाळ अजून पेटीतच आहे.
मग म्हणाला, काय, मिळाली का अळंबी?
हसत होता की नव्हता, भट्टीच्या उजेडात कळलं नाही.

म्हटलं, आठजण होतो आम्ही.
खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे.
तिथं ऊब पोचत नाही,
कोट घालून ये.