खुडूक

क्लिफर्ड रॅगचं वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे,
म्हणून यंदाची अंडी माझ्या स्वयंपाकघरात.
चौदा. पांढरी. एका कुशीवर पेन्सिलीने फुली, दुसऱ्या कुशीवर गोल.
दिवसातून तीनदा वळवायची,
पारा साडेसदतीसवर,
आणि यंत्र उघडण्याआधी फोडणीचे हात धुवायचे,
हे त्याने दोनदा बजावलं.

डर्बीशायर रेडकॅप.
याच डोंगरांतली जात, आता मोजक्या घरांत उरलेली.
डोक्यावर तुरा कसला, लाल खरबरीत टोपीच,
पिकलेल्या तुतींचा लगदा थापून वाळवावा तशी.
कानाची पाळी लालच हवी.
पांढरा ठिपका दिसला की क्लिफर्ड मान हलवतो,
वधूपरीक्षेतल्या आत्याबाईंसारखी.

सातव्या रात्री न्हाणीघरातला दिवा मालवून
एकेका अंड्याला टॉर्च लावला.
अकरांत लाल धाग्यांचं जाळं,
मध्ये एक ठिपका, हलणारा.
तीन नुसतीच उजेडाने भरलेली.
ती काढताना मी सॉरी म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही.

क्लिफर्डची वही मेणकापडात गुंडाळलेली.
कोंबडा कुणाचा, कोंबडी कुणाची,
चार पिढ्या मागेपर्यंत.
पिल्लाच्या बोटांमधल्या पडद्याला कुठे भोक पाडलं, तेही.
रकाने मला ओळखीचे वाटले.
आमच्या पुसदच्या मामांकडे होती अशी वही, स्थळांची.
कुरियनशी रजिस्टर लग्न केलं
त्या दिवशी मी तिच्यातून बाहेर पडले.

सोळाव्या दिवशी बर्फ, आणि दुपारी चारला
वर्क्सवर्थचा अख्खा चढ काळोखात.
यंत्राचा आकडा विझला.
घोंगडी, गरम पाण्याच्या पिशव्या, कुरियनचा लोकरी कोट,
मी सगळं लपेटलं, तरी काच गार पडत गेली.
फोनवर क्लिफर्ड बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, पेग.

पेग म्हणजे त्याच्या शेडमधली करडी, केसाळ पायांची,
आईबाप कोण ते तिलाही ठाऊक नसावं.
वहीत तिच्यावर ओळ नाही.
दोन आठवडे खुडूक होऊन एका गोल्फच्या चेंडूवर बसलेली.
रेडकॅप अंडी घालते, भरपूर घालते,
पण बसत नाही. तिच्या रक्तातच नाही ते.
मी मोज्यांत भरून अंडी नेली,
अंधारात हात पोटाखाली सरकवला.
पेग कचकन चावली,
आणि मग चोचीने एकेक अंडं आत ओढून घेतलं.
केवढी ऊब होती तिथे.
माझी बोटं बाहेर यायला तयार नव्हती.

एकविसाव्या दिवशी आठ.
मी लाडाने तांदळाची कणी नेली तर क्लिफर्ड खेकसला,
पिल्लांना प्रथिनं लागतात, भात नको!
मग बारीक भरड, उकडलेलं अंडं कुस्करून
(मला जरा कसंसंच झालं),
उथळ बशीत पाणी, त्यात गोटे, कुणी बुडू नये म्हणून.
पेग दाणा उचलते, टाकते, टुक टुक करते,
पुन्हा उचलते. स्वतः खात नाही.

आठातल्या एकाचा तुरा साधा,
करवतीच्या पात्यासारखा एकेरी.
क्लिफर्डने ते तळव्यावर घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला.
पूर्वी मी अशी ठेवत नसे, म्हणाला.
पिल्लू त्याच्या हातावर शिटलं.
त्याने ते परत पेगखाली सोडलं, भोक न पाडता.

मग वही उघडून बसला.
बाप, पेन नंबर दोन. आई, कडी लावलेल्या खुराड्यातली काळपट.
मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली,
समासात एक रेघ मारून रकाना पाडला,
वर लिहिलं, कोण बसलं.
खाली, पेग. आठ वेळा.
स्पेलिंग चुकलंय, तो म्हणाला,
आणि खोडरबर शोधायला उठलाच नाही.

उंदरांचं मात्र बघायला हवं. शेडच्या मागे बीळ आहे.