झिजलेली जाडी

किनवटच्या विश्रामगृहात, खोली नंबर दोन.
टेबलावर लॅपटॉप, पलंगाखाली गाभ्याची पेटी,
झाकणावर खडूनं लिहिलेली खोली.
राहायची तीही खोली, मोजायची तीही.
मराठीची ही एक सोय आहे.

मॉडेल विचारतं, मी भरते.
थर कोणता. वय किती. जाडी किती.
गाळ बसत होता तेव्हा वर पाणी केवढं होतं,
खालून ऊब किती येत होती.
मग एक रकाना येतो: झिजलेली जाडी.
म्हणजे जे होतं आणि नाही,
नदीनं नेलं, वाऱ्यानं नेलं,
त्याचा आकडा टाका. मीटरमध्ये.
रिकामा सोडता येत नाही.
शून्य चालतं, पण शून्य खोटं असतं.

साक्षीदार दोनच.
एक कोळशाचा कण, टाचणीच्या टोकाएवढाही नाही,
भिंगाखाली चमकतो, जितकं सोसलं तितका.
नंतर कितीही निवू दे, चमक उतरत नाही.
दुसरं ॲपेटाइट. त्याच्या आतच ओरखडे पडत राहतात,
आणि ऊब मिळाली की भरून येतात.
एक काही म्हणजे काही विसरत नाही.
दुसरं विसरायलाच बसलेलं.
दोघांची जबानी जुळेपर्यंत
मी डोंगर रचते, डोंगर काढते.
सहाशे. नऊशे.
अकराशे चाळीस.

दिवेलागणीला चाँदपाशा आले, ड्रिलर, हिंगोलीचे,
रुमालात कोमट हुरडा.
"काय शिजू लालंय मॅडम तुमच्या काम्पुटरात?"
म्हटलं, शेल.
सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी चढवलाय.
ते हसले नाहीत. खुर्ची ओढून पडद्याकडे बघत बसले.
"आगटीत कणीस खुपसलं की नजर हलवायची नाही.
लवकर काढलं तर नुसतं दूध.
उशीर झाला की कोळसा.
मधी एवढुसा टाइम."
आणि बोटांच्या चिमटीत तो दाखवला.
मला हे शिकायला दोन वर्षं
आणि एक जाड पुस्तक लागलं होतं.

रात्री अकराला रन संपला.
रेषा डावीकडून निघते, उतरत जाते,
हिरव्या पट्ट्यात शिरते, रेंगाळते,
मग वर चढून येते, आजपर्यंत.
शिजला होता. नीट शिजला होता.
तेल सुटलं, वर सरकलं,
आणि ज्या घडीत ते अडायचं
ती घडच पडली तीन कोटी वर्षांनी.
काळा दगड तर त्याच्याही नंतर आला,
रिकाम्या भांड्यावर झाकण.

"म्हंजे होतं का नव्हतं?"
होतं.
"मंग कुणी खाल्लं?"
सांगता येत नाही. उघड्यावर आलं असेल.
जंतूंनी, उन्हानं, कुठल्या तरी पुरानं.
चाँदपाशांनी तळहातावरच्या दाण्यांवर फुंकर मारली.
कूस उडाला, थोडा कीबोर्डात गेला.
"आमी तर अजून नवशे मीटर खाली जायाला तयार हाव,"
म्हणाले, आणि रुमाल तिथंच ठेवून गेले.

राजूरकर सरांचा मेसेज दोनदा येऊन गेलाय:
शक्यता किती टक्के, फक्त आकडा कळवा.
मी पेटीतला एक तुकडा उचलते.
तळाचा, सगळ्यात जास्त भाजलेला.
हाताला गार लागतो, डिसेंबरइतका गार.
कोळशाचा कण आणि ॲपेटाइट
अजून तीस मीटरवर भांडतायत.
अकराशे चाळीस खोडते,
अकराशे दहा टाकते.
पुन्हा लावते.