किमान

खेळाच्या पानावर दोन रकाने आहेत: किमान आणि योग्य.
योग्य मी वाचलंच नाही.
किमानमध्ये मेमरी मागितलीय सोळा जीबी. माझ्याकडे आठ.
मागितलेलं ग्राफिक्स कार्ड
माझ्या कार्डाच्या नातवाच्या वयाचं.
माझं घेतलं तेव्हा कागदाची गिरणी तिन्ही पाळ्यांत चालत होती,
रात्रपाळीला जादा भत्ता होता
आणि ओइवाला दात यायचे होते.

ओइवा आता बारा वर्षांचा. ओउलूला, आईकडे.
शुक्रवारी फोनवर म्हणाला,
"बाबा, उद्या दोघं मिळून खेळू. तुझ्याकडे चालेल ना?"
"चालेल की."
उचलली जीभ, लावली टाळ्याला.

डाउनलोड व्हायला अख्खी रात्र गेली.
सकाळी शेडर तयार होऊ लागले: चार टक्के.
कॉफी केली. नऊ.
दारापुढचा बर्फ फावड्याने ओढून आलो. एकतीस.
मग पंख्याला घरघर लागली,
गिरणीतल्या तीन नंबरच्या यंत्राला
शेवटच्या हिवाळ्यात लागली होती तशीच,
आणि तेव्हा सगळे म्हणत होते, काढेल अजून पाच वर्षं.
पडदा काळा.
पेटीवर हात ठेवला, तर तापातल्या पोराचं कपाळ.

बाहेर उणे तेवीस.
मी केमीतच जन्मलो. इथे थंडीला शिव्या देत नाहीत,
कामाला लावतात.
पेटी उचलून बाल्कनीत ठेवली, बिअरच्या रिकाम्या क्रेटवर,
वायरी झडपेतून आत घेतल्या, फटीत जुना लोकरी मोजा कोंबला.
शेजारच्या बाल्कनीत राइला सिगारेट ओढत होती.
"काय गुन्हा केला त्याने?"
"म्हातारा झाला."
धूर सोडत ती म्हणाली, "मग मलाही जागा धरून ठेव."

आता अंथरूण पाहून पाय.
सावल्या बंद. गवत बंद.
पाण्यातली प्रतिबिंबं बंद. धुकं, केसांची भुरभुर,
लांबचे डोंगर, सगळं खालच्या खुणेवर.
हात सराईतपणे चालत होता.
गिरणी बंद झाली त्या वर्षी असंच एकेक करत गेलो होतो:
मोटरबोट, वर्तमानपत्र,
इमारतीच्या सॉनातली गुरुवारची पाळी.

आणि चाललं!
सेकंदाला एकोणीस चित्रं, वळताना अकरा,
पण चाललं.
ओइवा पुढे, पाठीवर धनुष्य. मी मागे,
झाडांना धडकत, खड्ड्यांत अडकत.
प्रत्येक वळणावर तो थांबायचा.
बोलायचा काही नाही. नदीत दगड भिरकावत उभा राहायचा,
मी पोचलो की चालू लागायचा.

टेकडीवर एकदम ओरडला, "बाबा, ते बघ! धुक्यातून हरणं!"
माझ्याकडे धुकं नव्हतं.
एक राखाडी उतार होता, त्यावर चार तपकिरी ठोकळे.
"किती आहेत?" मी विचारलं.
"वीस तरी असतील. शिंगांवर बर्फ आहे. एक लंगडतंय.
तुला दिसत नाहीत?"
"नाही रे. तू सांग."

सांगत राहिला.
लंगडणारं कसं मागे राहतं, बाकीची मान वळवून कशी बघतात,
खाली तळ्यात चंद्र कसा तुटतो आणि जुळतो.
फोनवर आम्ही दोन मिनिटांपलीकडे कधी गेलो नव्हतो.
मी कंट्रोलर खाली ठेवून ऐकत होतो.

रात्री पेटी लगेच आत घेतली नाही.
गारठलेल्या लोखंडाला एकदम ऊब मिळाली
की आतून पाणी सुटतं, आणि मग संपतंच.
घोंगडीत गुंडाळून आधी बाल्कनीच्या दाराशी,
तासाभराने बुटांच्या मांडणीजवळ.

ओइवाचा निरोप आला: उद्या परत?
हवामानाचं पान उघडलं.
उद्या किमान उणे चार.

राइलाकडे एक टेबलपंखा आहे.
सकाळी मागून आणतो.